रिकाम्या रापणीचे वाटे

"…मग सात वर्सां तुमी माका शिकवलात तरी काय?"

मालननं खांद्यावरचं लाल फडकं ओढलं आणि धाकूआबांच्या पुढ्यात भिरकावलं. ते वाळूवर पडलं. अर्धं ओल्यात, अर्धं कोरड्यात.

पाण्याच्या कडेला पाय सोडून आबा रोजच्यासारखे बसले होते. घोट्यापर्यंत लाट येत होती, जात होती.

सकाळचे नऊ वाजले होते आणि सुरंगवेळच्या किनाऱ्यावर घरटी एक अशी त्रेचाळीस माणसं तोंडं पाडून उभी होती. दोन तास दोर ओढून त्यांनी रापण बाहेर काढली होती. होडीतून जाळं समुद्रात गोल फिरवून टाकायचं आणि त्याची दोन्ही टोकं सगळ्या वाडीनं मिळून किनाऱ्यावरून ओढायची, ही रापण. आज त्या एवढ्या थोरल्या जाळ्यात आलं होतं काय? जेलीफिशचा लगदा, चार प्लास्टिकच्या पिशव्या, रागानं फुगून बसलेला एक केंड मासा, आणि अकरा बांगडे. अकरा! एका घराचं कालवण झालं असतं, तेही पाहुणा आलेला नसेल तर.

लागोपाठ तिसरी रापण रिकामी. आणि तिन्ही वेळा फडकं हलवलं होतं मालन आडारकरनं.

सुरंगवेळात रापण कधी टाकायची हे एकच माणूस ठरवतो. तो काठच्या खडकावर, खडपावर, उंच उभा राहतो, पाणी बघतो, मासळीचा थवा दिसला की लाल फडकं हलवतो, आणि खाली होडी सुटते. बाकी कुणी तोंड उघडायचं नाही. चाळीस वर्षं ते फडकं धाकू तारींच्या हातात होतं. गेल्या नारळी पौर्णिमेला सगळ्या वाडीसमोर त्यांनी ते आपल्या शिष्येच्या, मालनच्या, हातात दिलं.

बाईच्या हातात फडकं! आठ दिवस वाडीला दुसरा विषय नव्हता. कुणी नाकं मुरडली, कुणी देवीला कौल लावायला निघालं. मालननं कुणालाच भीक घातली नाही. ती मान वर करून खडपावर चढायची आणि उतरायची तीही मान वर करूनच. एवढा ताठा बरा नव्हे, असं बायका म्हणायच्या. मला विचाराल तर तिला तो शोभायचा.

पण फडक्याचा एक जुना कायदा होता. एका हाताच्या लागोपाठ तीन रापणी रिकाम्या आल्या, की ज्यानं फडकं दिलं त्याला ते परत करायचं. म्हणून ती आबांकडे आली होती. परत करायला कसली, भांडायला.

"कार्तिकातली पंचम," मालन बोटांवर मोजू लागली. "पाण्याक तांब्याचो रंग. पाटेक जमनीवरसून मतलय वारो. सुरय पाण्यात चोची मारतत. तुमी सांगितलात तां सगळा बघलंय. एक तरी चुकलंय?"

"नाय."

"मग मासळी खय?"

मालन थांबली नाही. "म्हंजे तुमच्यो खुणो खोट्यो?"

"खोट्यो झाल्यो," आबा म्हणाले.

भांडणाची तयारी करून यावं आणि समोरच्यानं दारच उघडं टाकावं, म्हणजे माणूस जास्त चिडतो. मालनचा आवाज चढला.

"कधीपासून?"

"चार वर्सां झाली."

"आणि माका शिकवतास सात वर्सां!"

"व्हय."

"म्हंजे चार वर्सां तुमी माका खोटा शिकवलात?"

आबांनी पाण्याकडे बघितलं. एक लाट येऊन गेली.

"माका जां म्हायत होता, तां शिकवलंय. म्हायत नाय, तां कसा शिकवतलंय?"

त्या चार वर्षांचं काय सांगावं? दिवाळीचे आकाशकंदील पावसात भिजून लोंबले. ऐन हंगामात वादळं आली आणि होड्या पंधरा-पंधरा दिवस माडाखाली उपड्या पडल्या. एका वर्षी तारली मासळी दिसलीच नाही. दुसऱ्या वर्षी नको तेव्हा एवढी आली, की कुणी घेईना आणि शेवटी माडांना खत म्हणून घातली. तिसऱ्या वर्षी पुन्हा गडप. एखादं साल पाणी गार असायचं, जरा जीव भांड्यात पडायचा, की पुढची दोन सालं तापलेली. मासळी गार पाण्याच्या मागे खोल निघून जायची. मोबाईलवरचा अंदाज म्हणायचा, तीस वाव खोलीच्या पलीकडे जा. सांगायला काय जातं! ट्रॉलरवाला जाईल, रापणीचं जाळं किनाऱ्याचं. ते काय तीस वावांवर चालत जाणार? समुद्रानं आपली चाल बदलली होती आणि सुरंगवेळला कळवायची तसदी घेतली नव्हती.

"मग आता मी कोणाक विचारू?" मालननं विचारलं.

आबांनी उजवा पाय उचलला आणि वीतभर पुढे, पाण्यात ठेवला.

मालननं त्या पायांकडे बघितलं. खरं तर चार वर्षं ती ते बघत होती. आबा रोज दोनदा इथं येऊन बसत, एकदा उजाडताना, एकदा उन्हं चढल्यावर. म्हाताऱ्याचे गुडघे गेले, खाऱ्या पाण्यानं बरं वाटतं, असं सगळी वाडी धरून चालली होती. मालनही. ती करंजाच्या बिया वेचून घाण्यावरून तेल काढून आणायची आणि दर महिन्याला एक बाटली आबांच्या ओट्यावर ठेवायची. आबा मुकाट ठेवून घ्यायचे.

"आबा… गुडघे दुखतत म्हणान बसतास ना तुमी हय?"

"उलटा."

"काय उलटा?"

"बसतंय म्हणान गुडघे दुखतत."

सात वर्षं ती या माणसाच्या मागे मागे फिरली होती. तो बोट दाखवेल तिकडे बघितलं होतं. आणि चार वर्षं तो जे बोट न दाखवता करत होता, ते तिनं तेलाच्या बाटलीत घालून मोकळं केलं होतं.

"आणि कळला काय? चार वर्सां बसान?" तिनं जरा हळू विचारलं.

"थोडा. आज पाणी कालच्यापेक्षा गरम आसा. आज मासळी नाय, असा पाटेक वाटलेला."

"आणि माका सांगूक नाय?"

"फडको तुझ्या हातात होतो."

"आबा!"

"आणि गेल्या सोमवारी पण असाच वाटलेला माका. त्या दिसा पलीकडच्या वाडयेत बांगड्यान जाळी फाटली. दहातले पाच वेळा चुकतंय मी. चुकलेला कसा सांगू तुका?"

मालन काही तरी फाडकन बोलणार होती, तेवढ्यात मागून वाळू करकरली.

भिवा मोंडकर आला होता. रापण संघाचा पुढारी. पन्नाशीचा, रुंद हाडाचा, मनानं वाईट नाही. दोन्ही मुलगे गोव्यात हॉटेलात लागलेले. त्याच्या हातात सुरी होती. त्याच्या मागे सगळी माणसं गोळा झाली.

"आबा, पुरे झाला," भिवा म्हणाला. "जाळा कापुया. जेचो वाटो तेका. कोण विकात, कोण परसाक कुंपण घालीत. दर्या मेलो. मेल्याच्या उशाक किती दिस बसतलास?"

कुणी 'नको' म्हणालं नाही. तेच वाईट होतं. जाळं त्रेचाळीस तुकड्यांत गेलं की सुरंगवेळची रापण संपली, हे प्रत्येकाला कळत होतं, आणि प्रत्येकजण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होता.

धाकूआबा उठले. उठायला त्यांना वेळ लागला.

"कापा," ते म्हणाले. "आधी आजचे वाटे घाला."

"कसले वाटे?"

"रापणीत इला तेचे."

"रापणीत काय इला, आबा? चिखल!"

"मग चिखलाचे."

रापणीचे वाटे घालणं हे सुरंगवेळात देवपूजेसारखं काम. दोराला हात लावला त्या प्रत्येकाचा वाटा, मग तो म्हातारा असो की पाहुणा. वाळूत ओळीनं ढिगारे घालायचे, कुणाचा लहान नाही, कुणाचा मोठा नाही. आबांनी एक करवंटी उचलली आणि कामाला लागले.

पहिला बांगडा देवीचा. मग ज्या घरात दोर ओढायला माणूस उरलेलं नाही, त्या दहा घरांचा एकेक. बांगडे तिथेच संपले.

मग आबांनी करवंटीनं जेलीफिशचा लगदा उचलला आणि वाळूवर ढीग घातला. शेजारी दुसरा. शेजारी तिसरा. मधेच थांबून एका ढिगातलं थोडं काढून दुसऱ्यात टाकलं, सारखे व्हावेत म्हणून. लोक आधी हसले. मग हसायचे थांबले. पंचवीस ढीग झाले, तीस झाले. ऊन चढत होतं आणि म्हातारा वाकून वाकून ढीग घालत होता.

"थट्टा करतास, आबा?" भिवा म्हणाला.

"तुझ्या लग्नाच्या साली जाळा फाटासर बांगडो गावलो. तेवा वाटो नको म्हणालंस?"

भिवानं सुरी या हातातून त्या हातात घेतली.

"मग आज नको कसो म्हणतस?"

आबांनी शेवटचा ढीग घातला, आणि त्याच्या शेजारी आणखी एक.

"फडक्यावाल्याक दोन," ते म्हणाले. "कायदो आसा."

खडपावरच्या माणसाला वाटा दुहेरी, हे खरंच होतं. भरल्या रापणीला मालननं तो दोनदा घेतलाही होता, मान वर करून. आता सगळे तिच्याकडे बघत होते.

मालन पुढे झाली. जेलीफिश कुणी उघड्या हातानं उचलत नाही, अंगाची आग होते. तिला करवंटी मागता आली असती. तिनं मागितली नाही. दोन्ही ढीग तिनं ओंजळीनं उचलून पदरात घेतले. तळवे चरचरले, मनगटापर्यंत आग चढत गेली. तिनं हूं की चूं केलं नाही.

मग एक म्हातारी पुढे आली आणि तिनं आपला ढीग सुपात घेतला. मग आणखी दोघं. मग बरेच. काहींनी घेतला नाही, ते तसेच लांब उभे राहिले.

"वाटे झाले," भिवा म्हणाला. "आता फडक्याचा बघा. तीन रापणी रिकाम्यो. बाईमाणूस म्हणान सोडूक गावाचा नाय."

आबा वाकले. वाळूतलं फडकं त्यांनी उचललं आणि झटकलं.

"तिसरी हिची न्हय," ते म्हणाले. "माझी."

"ती कशी?"

"गेल्या हंगामाच्या शेवटाक माझ्यो दोन रापणी रिकाम्यो इल्यो. आठवता?"

आठवत होतं. पण चाळीस वर्षांच्या माणसाच्या दोन रिकाम्या रापणी कोण मनात ठेवतो?

"तिसरी येतली म्हणान माका भय वाटला. चाळीस वर्सांचा नाव. म्हणान फडको हिच्या हातात दिलंय. तुमी म्हणालात, आबान मन मोठा केल्यान." आबा थांबले. "मन मोठा न्हय. नाक मोठा."

मालनला नारळी पौर्णिमा आठवली. ढोल, गुलाल, आबांचा हात, आणि हातात आलेलं ते फडकं. त्या रात्री ती ते उशाशी घेऊन झोपली होती. आपण कमावलं, असं वाटलं होतं तिला. गावाशी भांडून, उन्हातान्हात उभं राहून कमावलं. आणि ते तिच्या हातात आलं होतं ते म्हाताऱ्याच्या भीतीमुळे! तिला रडू येत होतं, आणि रडू येतंय याचाच संताप येत होता.

"तिसरी माझ्या नावार घाला," आबा भिवाला सांगत होते. "ह्या चेडवाक सोडा."

"नाय!"

मालन एवढ्या जोरात ओरडली की वाळूवरचे कावळे उडाले.

"तुमी भियालास तां तुमचा. तां तुमीच सांभाळा. पण खडपार मी उभी होतंय. हात माझो होतो. तिनय रापणी माझ्यो. त्यो मी कोणाक देवची नाय. तुमका तर नायच नाय!"

"मग फडको गेलो," भिवा म्हणाला.

"गेलो. सगळ्यांनी बघलास, मी परत केलंय. कायदो झालो." मालन आबांकडे वळली. पदर तसाच भरलेला. तिनं दोन्ही हात पुढे केले. तळवे लालभडक सुजले होते. "आता मी मागतंय. ह्या खेपेक भियान नको. बघान द्या."

आबांनी तिच्या हातांकडे बघितलं.

मग फडकं त्या सुजल्या तळव्यांवर ठेवलं.

"फडको घेवन काय करतलस?" भिवा चिडून म्हणाला. चिडण्यात आता पहिला जोर नव्हता. "जाळाच रवाचा नाय तर? मासळी खय आसा तां सांग. आता सांग. मी सुरी दर्यात टाकतंय."

महिन्यापूर्वी असं कुणी विचारलं असतं तर मालननं खाडकन हात वर करून दिशा दाखवली असती. तिनं पाण्याकडे बघितलं. तांब्याचा रंग अजून होता. सुरय अजून चोची मारत होते. सगळ्या खुणा जागच्या जागी होत्या, चोरासारख्या साळसूद.

"माका म्हायत नाय," ती म्हणाली.

हे वाक्य तिच्या तोंडून सुरंगवेळनं कधी ऐकलं नव्हतं. तिनंही नव्हतं.

"मग जाळा कशाक ठेवू?"

"जेवा कळात, तेवा जाळा खयसून हाडशात?"

भिवा तसाच उभा राहिला. सुरी हातात, मान खाली. मग तो जाळ्यापाशी गेला आणि गुडघ्यांवर बसला. भिवानं जाळ्याच्या विणीत अडकून पीळ बसलेली प्लास्टिकची पिशवी धरली, सुरीनं कापली आणि मागे फेकली.

"बघीत काय रवलास?" तो माणसांवर खेकसला. "पिशये तरी काढा!"

सगळे थांबले असं मी सांगणार नाही. पाच घरांनी त्या दिवशी दोर खाली ठेवला आणि ती परत आली नाहीत. दोन घरं गोव्याला गेली. त्यांना नावं ठेवायला माझी जीभ उचलत नाही. पण जाळं अख्खं राहिलं. अडतीस घरांनी ते धुतलं आणि वाळत घातलं.

मालननं पदरातला वाटा माडाच्या बुंध्यात नेऊन ओतला. मग ती पाण्याकडे आली. आबा पुन्हा आपल्या जागी बसले होते. ती त्यांच्याशेजारी बसली, फडकं मांडीवर ठेवलं आणि पाय पाण्यात सोडले. तिला पाणी कोमट लागलं. नुसतं कोमट. त्यापलीकडे काही म्हणून कळलं नाही.

एक लाट आली, गेली. दुसरी आली, गेली.

"आबा…"

"हं."

"माका तर काय्येक कळणा नाय."

तिनं पाय वीतभर पुढे सरकवले. "किती दिस बसूचा लागात?"

आबांनी आपला गुडघा चोळला. मग तिच्या पायांकडे बघितलं.

"उद्या येताना," ते म्हणाले, "करंजेल जरा जास्त हाड."